बसल्या जागी खांदे मोकळे कसे करायचे

पाठीमागे हात नेऊन ब्लाउजचा हूक लागत नाही. वरच्या फळीवरचा डबा काढताना एका हाताला दुसऱ्याचा टेकू द्यावा लागतो. पँटच्या मागच्या खिशातलं पाकीट काढताना खांद्यात चमक निघते. फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना खांद्याची तक्रार माझ्या कानावर येते ती अशी. ‘हालचाल कमी झालीय’ असं कुणी म्हणत नाही, रोजचं एखादं काम अडल्याचं सांगतात. आणि तोवर बहुतेकांनी मोबाईलवर बघून काहीतरी सुरू केलेलं असतं. कुणी खांदे गोल गोल फिरवत असतं, कुणी घरच्यांकडून हात ओढून घेत असतं.

तुम्ही अजून काहीच सुरू केलं नसेल तर उत्तमच. एक खुर्ची, एक टेबल, एक पंचा आणि एक काठी एवढं घरात असलं की भागतं. यातलं काहीही उभं राहून करायचं नाही. गुडघे दुखतात, तोल जाईल अशी भीती वाटते, किंवा सगळा दिवसच शिलाई मशीनपुढे नाहीतर कॉम्प्युटरपुढे जातो, अशांना हे जमतं. बसण्याचा आणखी एक फायदा आहे. उभं असताना हात वर गेला नाही की माणूस नकळत कंबरेतून मागे कलतो आणि हात पूर्ण वर गेल्यासारखा वाटतो. खुर्चीत ती पळवाट बरीचशी बंद होते.

आधी हे तपासा

नुकतेच पडला असाल, खांदा निखळला असेल, फ्रॅक्चर किंवा शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत यातलं काहीही करू नका. हातात सतत मुंग्या येतात, पकड ढिली पडून वस्तू निसटतात, खांदा लाल आणि गरम लागतो, ताप आहे, किंवा वजन विनाकारण कमी होत चाललंय, अशा वेळीही आधी डॉक्टर. उजव्या खांद्याच्या मागची दुखी कधी कधी पित्ताशयाची असते. जेवणानंतर, विशेषतः तेलकट खाल्ल्यावर वाढत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. खांदा, दंड किंवा जबडा अचानक दुखायला लागला, त्याबरोबर छातीवर दडपण, दरदरून घाम, धाप किंवा मळमळ असेल, तर खांदा चोळत बसू नका. 108 ला फोन करा. हात हलवून दुखणं कमी-जास्त होत नसेल तर संशय अधिकच घ्यायचा. मधुमेह असलेल्यांमध्ये आणि बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका पुष्कळदा छातीत फारसं न दुखताही येतो.

खांदा अडकतो म्हणजे काय होतं

दंडाच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि ते पाठीच्या फऱ्यावरच्या, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या त्रिकोणी हाडावरच्या, एका उथळ बशीवर टेकलेलं असतं. बशी इतकी लहान की एका वेळी चेंडूचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग तिला टेकतो. खुब्याच्या सांध्यात चेंडू खोल वाटीत बसलेला असतो, इथे तसं नाही. म्हणून तर हात इतका सगळीकडे फिरतो.

या सांध्याभोवती पातळ पिशवीसारखं आवरण असतं. हात खाली असताना काखेच्या बाजूला त्याची सैल घडी पडते आणि हात वर नेला की ती उलगडते. जुन्या पद्धतीच्या सदऱ्याला काखेत कापडाचा जादा तुकडा लावलेला असतो, हात वर करताना सदरा ओढला जाऊ नये म्हणून. घडीचं काम तेच. ही घडी आक्रसली की हात वर जाणं बंद होतं, मग स्नायू कितीही दणकट असोत.

दुसरी गोष्ट फऱ्याची. हात कानापर्यंत वर नेतो तेव्हा साधारण 180 अंशांपैकी 120 अंश खांद्याच्या सांध्यात मिळतात आणि उरलेले 60 अंश फरा पाठीवरून सरकत वर वळतो म्हणून मिळतात. हा फरा पाठीला हाडाने जोडलेला नाही. स्नायूंच्या मधे तो जवळजवळ तरंगत असतो. अख्खा हात सांगाड्याला हाडाने जोडला जातो तो एकाच ठिकाणी, गळ्याखाली, जिथे गळ्याचं हाड छातीच्या मधल्या हाडाला मिळतं. तिथे बोट ठेवून दुसरा हात वर-खाली करून बघा, हलताना जाणवेल.

तेव्हा पाठ गोल झाली की फरा पुढे कलतो, सरकायला जागा उरत नाही, आणि हात अडतो. मी ज्याला त्याला सांगते ते हेच: खांदा मोकळा करायचा तर सुरुवात पाठीपासून करा. पटत नसेल तर आत्ताच बघा. खुर्चीत पोक काढून बसा, हनुवटी पुढे, आणि एक हात समोरून जितका वर जाईल तितका न्या. कुठपर्यंत गेला ते लक्षात ठेवा. आता ताठ बसून तोच हात पुन्हा वर न्या. खांदा तोच, हात तोच, आणि तरी फरक पडलेला बहुतेकांना लगेच दिसतो.

खुर्ची आणि बैठक

चाकांची खुर्ची नको. हात टेकायच्या दांड्या असलेलीही नको, त्या आड येतात. प्लास्टिकच्या खुर्चीची बैठक मागे उतरती असते, माणूस तिच्यात रुततो आणि पाठ आपोआप गोल होते. जेवणाच्या टेबलाची साधी लाकडी खुर्ची सर्वांत चांगली. पाय जमिनीवर पूर्ण टेकायला हवेत. उंची कमी असेल तर पायाखाली पाट घ्या.

बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागात बसा. दोन्ही कुल्ल्यांखाली हात घालून बघा, दोन टोकदार हाडं लागतील. वजन बरोबर त्यांच्यावर हवं. माकडहाडावर वजन आलं की पोक आलंच. छाती फुगवायची नाही, सैनिकासारखं ताठायचंही नाही. डोक्याच्या मधोमध बांधलेल्या दोरीने कुणीतरी हलकेच वर उचललंय, एवढंच मनात आणा.

पहिल्या दिवशी मोजून ठेवा

ही पायरी गाळू नका. खांद्याची सुधारणा इतकी हळू होते की नोंद नसेल तर तीन आठवड्यांनी ‘काही फरक नाही’ म्हणून माणूस सोडून देतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत दोन्ही हातांचं लिहा.

हात समोरून वर: कानाला लागतो, डोक्याच्या पातळीला येतो, की खांद्याच्याच पातळीला अडतो?

हात पाठीमागे: अंगठा कुठपर्यंत पोहोचतो? कुल्ला, कंबर, ब्लाउजचा हूक, की फऱ्याचं खालचं टोक?

तिसरं माप सर्वांत महत्त्वाचं, आणि तेच कुणी घेत नाही. कोपर बरगडीला चिकटवा, काटकोनात वाकवा, पंजा समोर. आता कोपर न सोडता पंजा बाहेरच्या बाजूला न्या, दाराची एक झडप उघडावी तसा. दोन्ही हात एकदमच करा म्हणजे तुलना दिसते. एक झडप सताड उघडते आणि दुसरी थोडीशी उघडून थांबते, असं झालं तर लक्ष द्या. फ्रोझन शोल्डरमध्ये, म्हणजे सांध्याचं आवरण आक्रसून खांदा जखडतो त्या दुखण्यात, सहसा सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त अडते ती हीच हालचाल. मग घरातल्या कुणाला तरी तो पंजा अगदी हलक्या हाताने आणखी बाहेर न्यायला सांगा. दुसऱ्याने नेऊनही जात नसेल तर आवरण आक्रसलेलं असण्याची शक्यता आहे. तुम्हाला स्वतःला जमत नाही पण दुसऱ्याने नेला तर सहज जातो, असं असेल तर स्नायूची किंवा शिरेची तपासणी व्हायला हवी. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांचे उपचारही वेगळे.

ताण किती द्यायचा

ताण 20 ते 30 सेकंद धरायचा, तीनदा. साठीच्या पुढच्यांनी सवयीने मिनिटापर्यंत न्यायला हरकत नाही. हिसके द्यायचे नाहीत, ताणलेल्या टोकाला हात हलवत राहायचं नाही. आकडे तोंडाने मोठ्याने मोजा. बोलताना श्वास कोंडता येत नाही, आणि नवशिक्यांची निम्मी चूक श्वास कोंडण्यातच असते.

दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. तीनपर्यंत ‘ओढ बसतेय’ अशी जाणीव चालेल. चार-पाचच्या पुढे गेलं की स्नायू स्वतःला वाचवायला आकसतात आणि मग तुम्ही आपल्याच स्नायूशी रस्सीखेच खेळत असता. हात सोडल्यावर ठणका थोड्या वेळात विरला पाहिजे. दुसऱ्या दिवशीही राहिला तर ताण जास्त झाला, पुढच्या वेळी निम्मा करा. दुखेल तितकं चांगलं, हा समज खांद्याच्या बाबतीत फार नुकसान करतो.

अंग गरम करणं

दोन मिनिटं पुरेत. गरम पाण्याची आंघोळ झाल्यावर लगेच बसलात तर निम्मं काम झालेलंच असतं. नाहीतर गरम पाण्याची पिशवी पंचात गुंडाळून दहा मिनिटं खांद्यावर ठेवा. मधुमेहामुळे कातडीला कमी जाणवत असेल तर आधी दुसऱ्या कुणाला तरी पिशवी हात लावून बघू द्या.

मग श्वास घेत दोन्ही खांदे कानाकडे उचला, क्षणभर थांबा, श्वास सोडत खाली टाका. दहा वेळा. त्यानंतर खांदे मागच्या दिशेने सावकाश गोल फिरवा, दहा वेळा. पुढच्या दिशेने नको, दिवसभर आपण पुढेच झुकलेले असतो. गोल फिरवण्याला बहुतेक लोक पूर्ण व्यायाम समजतात. त्याने बरं वाटतं हे खरं, पण आखडलेला सांधा तेवढ्याने सुटत नाही.

पायरी 1: पाठ उलगडणं

खुर्चीत पूर्ण मागे सरका. पाठीच्या टेकूची वरची कड फऱ्यांच्या जरा खाली यायला हवी. टेकू त्याहून खाली येत असेल तर बैठकीवर पातळ उशी घेऊ नका, तुम्ही आणखी उंच व्हाल; दुसरी खुर्ची बघा. कडेवर पंचाची गुंडाळी ठेवा, टोचणार नाही. दोन्ही हातांनी मानेला आधार द्या, बोटं गुंफलेली, कोपरं समोर. खांदा फार अडलेला असेल तर हात छातीवर घडी घालून ठेवा, तरी चालेल. आता त्या कडेवरून पाठीचा वरचा भाग हळू मागे न्या, नजर भिंत आणि छत मिळतात तिथे. मान मोडायची नाही, ती हातांत विसावलेली असते. कंबर जागच्या जागी. दोन श्वास थांबून परत या. आठ वेळा.

मणक्याची हाडं ठिसूळ झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल किंवा मान मागे नेली की चक्कर येत असेल, तर हे सोडून द्या. त्याऐवजी हात छातीवर घडी घालून सरळ बसल्या बसल्या धड डावीकडे-उजवीकडे वळवा. गुडघे समोरच राहू द्या.

पायरी 2: टेबलावर पंचा सरकवणं

एकच व्यायाम करणार असाल तर मी हा सांगेन. हाताचं वजन टेबल उचलतं म्हणून दुखणारा खांदाही याला सहसा नाही म्हणत नाही.

टेबलासमोर खुर्ची हातभर मागे घ्या. टेबल गुळगुळीत हवं. दुखऱ्या हाताखाली पंचाची घडी ठेवा, अंगठा छताकडे. आता हात ढकलायचा नाही. कुल्ल्यांच्या सांध्यातून धड पुढे झुकवा, नमस्कार करताना वाकतो तसं, आणि पंचा आपोआप पुढे सरकू द्या. नवशिके इथे हमखास खांद्यातून जोर लावतात आणि खांदा कानाशी जातो. तसं झालं तर मागे या, खांदा खाली सोडा, पुन्हा निघा. ओढ काखेत किंवा फऱ्याच्या कडेला जाणवली पाहिजे. खांद्याच्या माथ्यावर टोचल्यासारखं झालं तर हात थोडा बाहेरच्या दिशेला तिरका सरकवा.

टोकाला 20 सेकंद मोजा, धड मागे घेत परत या. समोर पाच वेळा, मग तिरकं बाहेर पाच वेळा. पंचा टेबलावर कुठपर्यंत गेला तिथे खडूची खूण करून ठेवा. पुढच्या आठवड्यात खूण मागे पडल्याचं बघताना माझ्या पेशंटच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यासाठीच मी हा व्यायाम पहिल्याच आठवड्यात देते.

टेबल नसेल तर मांडीवर आडवी उशी ठेवून तिच्यावरून हात गुडघ्याकडे आणि पुढे सरकवा. ओढ कमी बसते, पण सुरुवातीला तेवढीही पुरते.

पायरी 3: झडप उघडणं

तिसऱ्या मापाचाच हा व्यायाम. हात बाहेर वळणं थांबलं की वर जाणंही थांबतं, कारण हात वर नेताना दंडाचं हाड बाहेर वळावं लागतं. नाहीतर त्याचा वरचा उंचवटा खांद्याच्या माथ्याच्या हाडाखाली अडकतो. हात बाजूला धरून अंगठा जमिनीकडे वळवा आणि बाजूनेच वर न्यायचा प्रयत्न करा, लवकर अडेल. अंगठा छताकडे करून तोच हात न्या, पुढे जाईल. तरीही लोक वर ओढण्याच्या मागे लागतात आणि बाहेर वळवण्याकडे बघत नाहीत.

आजोबांची काठी, लांब दांड्याची छत्री, नाहीतर झाडूचा लांब दांडा घ्या. ताठ बसा. दुखऱ्या बाजूची कोपर आणि बरगडी यांच्यामध्ये घडी केलेला नॅपकिन धरा. तो पडला तर समजायचं, कोपर सुटली. दोन्ही कोपरं काटकोनात, काठी पोटासमोर आडवी. दुखऱ्या हाताने काठीचं टोक तळवा वर करून धरा, चांगल्या हाताने दुसरं टोक. आता चांगल्या हाताने काठी दुखऱ्या हाताच्या बाजूला आडवी ढकला. दुखऱ्या हाताने काहीच करायचं नाही, तो फक्त बाहेर नेला जातोय. धड त्या बाजूला वळू देऊ नका. नाक आणि बेंबी समोरच. ओढ खांद्याच्या पुढच्या भागात येईल. 30 सेकंद, तीनदा, शक्य असेल तर दिवसातून दोन वेळा.

पहिल्या आठवड्यात इथेच थांबा. अंग गरम करणं आणि या तीन पायऱ्या मिळून वीसेक मिनिटं जातात. पुढचं दुसऱ्या आठवड्यापासून.

पायरी 4: छाती उघडणं

खुर्चीच्या पुढच्या भागात बसा. हात मागे नेऊन टेकूच्या दोन्ही बाजू धरा. बोटं पोहोचत नसतील तर पंचा मागून घेऊन त्याची दोन टोकं धरा. फरे खाली आणि एकमेकांकडे न्या, मग छाती हळूच पुढे. बरगड्या फुगवून कंबरेत कमान करू नका. ओढ खांद्याच्या पुढच्या घडीपासून छातीपर्यंत येते. शिंपीकाम, दुचाकी, कॉम्प्युटर, मांडीवर बाळ घेऊन दूध पाजणं, सगळ्यांत छातीचे स्नायू आखडतात, म्हणून हा ताण बहुतेकांना फार गोड लागतो. खांदा पूर्वी निखळलेला असेल तर मात्र करू नका.

पायरी 5: हात छातीवरून आडवा

उजवा हात छातीसमोरून डावीकडे न्या. डाव्या हाताने उजव्या दंडाला कोपराच्या जरा वर धरा आणि छातीकडे दाबा. थेट कोपरावर जोर नको. बहुतेक वेळा हातामागोमाग फराही सरकतो आणि ताण सांध्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून उजवा फरा खुर्चीच्या टेकूला दाबून ठेवा, तो तिथेच राहिला पाहिजे. ओढ खांद्याच्या मागे यायला हवी. माथ्यावर किंवा पुढे चिमटा बसत असेल तर हात खांद्याच्या पातळीपेक्षा थोडा खाली आणा.

पायरी 6: मान आणि खांद्यामधली दोरी

उजव्या हाताने खुर्चीची बैठक धरा म्हणजे खांदा वर येणार नाही. डावा कान डाव्या खांद्याकडे न्या. 20 सेकंद. मग तसंच राहून नाक डाव्या काखेकडे वळवा, ओढ मानेच्या मागून फऱ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत उतरेल. डोकं हाताने ओढू नका, डोक्याचं स्वतःचं वजन पुरेसं असतं.

पायरी 7: पाठीमागे पंचा

तिसऱ्या आठवड्याआधी नाही. हूक लावता येत नाही म्हणून सगळे इथूनच सुरुवात करायला बघतात आणि चिडलेला खांदा आणखी चिडतो.

खुर्चीच्या पुढच्या भागात बसा, पाठीमागे जागा हवी. चांगल्या हाताने पंचा खांद्यावरून पाठीवर सोडा, दुखऱ्या हाताने कंबरेपाशी त्याचं खालचं टोक धरा. चांगला हात पंचा वर ओढतो, दुखरा हात त्याच्याबरोबर पाठीवरून चढतो. एका वेळी बोटभर. दुखरा खांदा पुढे गोल होत असेल तर तुम्ही मर्यादेच्या पलीकडे आहात, खाली या. गोमुखासनात हात जसे पाठीमागे एकमेकांना भेटतात तीच ही हालचाल, पण इथे हात भेटलेच पाहिजेत असं काही नाही. हूकपर्यंत अंगठा पोहोचला की काम झालं.

ऑफिसात आणि प्रवासात

चाकांची खुर्ची असेल तर ती भिंतीला टेकवून पायरी 1 करता येते. मीटिंग चालू असताना खांदे उचलून सोडणं आणि पायरी 4 कुणाच्या लक्षातही येत नाही. लोकलमध्ये किंवा एसटीत बसायला जागा मिळाली तर पायरी 6 करावी, पण गाडी थांब्यावर उभी असताना. धक्क्यात मान ताणायची नाही. कीबोर्ड आणि माऊस इतके जवळ असू द्या की कोपरं बरगडीजवळ राहतील. शिलाई मशीनवर बसणाऱ्यांनी स्टुलाऐवजी टेकूची खुर्ची घेतली आणि प्रत्येक बॉबिन बदलताना एकदा पाठ उलगडली, तर वेगळी वेळ काढायची गरज राहत नाही.

खांदा गोठला असेल तर

बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी 1934 मध्ये ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव वापरलं आणि तेच रूढ झालं. साधारण 40 ते 60 या वयात, पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त, आणि मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असलेल्यांमध्ये अधिक दिसतो. तीन टप्पे असतात. आधी दुखतं, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. मग दुखणं ओसरतं पण हात जखडतो. शेवटी हळूहळू सुटतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं जाऊ शकतात.

दुखण्याच्या टप्प्यात ओढाओढ केली तर खांदा आणखी पेटतो. त्या काळात फक्त पायरी 1 आणि 2, तीही दोन गुणांच्या आत, आणि झोपताना दुखऱ्या हाताखाली उशी. या टप्प्यात सांध्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन उपयोगी पडतं, ते घ्यायचं की नाही हे अस्थिरोगतज्ज्ञांशी बोलून ठरवा. मधुमेह असेल तर त्यांना आधी सांगा, कारण त्यानंतर काही दिवस साखर वाढते. जखडलेल्या टप्प्यात मात्र पायरी 3 न चुकता. कुणी मालिशवाला ‘एका झटक्यात सोडवतो’ म्हणाला तर हात त्याच्या ताब्यात देऊ नका. अशा झटक्यात दंडाचं हाड मोडू शकतं.

सहा आठवड्यांनी

पहिल्या दोन आठवड्यांत जो मोकळेपणा वाटतो तो बराचसा ताण सोसण्याची सवय झाल्यामुळे असतो. ऊतींत खरा बदल व्हायला आणखी आठवडे लागतात, म्हणून लवकर बरं वाटलं तरी थांबू नका. आठवड्यातून पाच दिवस जमले तर उत्तम. नंतर राखायला दोन-तीन दिवसही पुरतात.

सहा आठवड्यांनी तीनही मापं पुन्हा घ्या, त्याच खुर्चीत, त्याच वेळी. सकाळी खांदा जास्त आखडलेला असतो, त्यामुळे सकाळची नोंद संध्याकाळच्या नोंदीशी ताडू नका. हात वर जास्त जातोय पण झडप तेवढीच उघडतेय, असं दिसलं तर पायरी 3 ची वेळ वाढवा. तीनही मापं जिथल्या तिथे असतील किंवा मागे गेली असतील, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. बरोबर कॅलेंडरच्या त्या दोन पानांचा फोटो घ्या आणि तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून तिचा रिपोर्टही न्या. मधुमेह आहे हे पहिल्यांदा खांद्यामुळे कळलेली माणसं मी पाहिली आहेत.